कवेलूचं वजन

छत त्या दिवशी पूर्ण उडून गेलं असतं, तर माझी चूक मला बहुतेक कधीच कळली नसती. वादळ मोठं होतं असं लोक म्हणाले असते, मीही तेच म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण ते उडालं नाही. वाऱ्यानं त्याला पश्चिमेकडून वीतभर उचललं, चार बोटं सरकवलं आणि पुन्हा भिंतीवर आणून ठेवलं. त्यामुळे काय तुटलं आणि कशामुळे तुटलं, ते सगळं जागच्या जागी उघडं पडून राहिलं.

मी तुमसरला एका राईस मिलमध्ये फिटर आहे. आयटीआय संपवून तिथं लागलो तो आजपर्यंत. पट्टे, बेअरिंग, चाळण्या, धान वर चढवणारे एलिव्हेटर, यांच्यातच दिवस जातो. राहायला मात्र आमच्या गावातच आहे, नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला. रोज मोटारसायकलनं जाणं-येणं. गावात लोखंडाचं कुठलंही काम निघालं की माझ्याकडे निरोप येतो, आणि नावाऐवजी सगळे मला फिटर म्हणूनच हाक मारतात.

गावाच्या टोकाला विटांची एक लांबट इमारत आहे. फार पूर्वी ती मँगनीजच्या खाणीचं सामान ठेवायचं कोठार होती. खाणीचं काम दुसरीकडे सरकलं, कोठार ओसाड पडलं, आणि आमच्या वस्तीतल्या माझ्या वडिलांच्या पिढीनं ते झाडून-पुसून घेतलं. तेव्हापासून एका बाजूला विहार आणि दुसऱ्या बाजूला अभ्यासिका. रविवारी सकाळी वंदना होते. बाकीचे दिवस मुलं-मुली तिथं पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक असल्या परीक्षांचा अभ्यास करत बसतात. माझी दहावीही त्याच छताखाली झाली.

भिंती दीड हात जाड, चुन्यात बांधलेल्या. दोन्ही लांब भिंतींच्या माथ्यावर सागवानाचा एकेक लांबलचक पाट आडवा टाकलेला. त्या पाटांवर सहा कैच्या उभ्या आहेत. कैची म्हणजे छताचा तिकोनी सांगाडा, दोन तिरप्या तुळया आणि त्यांचे पाय फाकू नयेत म्हणून खालून धरणारी तिसरी. कैच्यांवर वासे आणि वाशांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. निदान मी कवेलू काढायला लावेपर्यंत तरी तसंच होतं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. माकडं कवेलू फोडायची, पावसाळ्याआधी दरवर्षी ते फेरावे, म्हणजे उतरवून पुन्हा रचावे लागायचे, आणि फेरणारे हात म्हातारे होत चालले होते. मी बैठकीत उभा राहून म्हणालो की टिनाचे पत्रे टाका, ही कटकट कायमची संपेल. सगळ्यांना पटलं. मिलमधले दोघं जण सोबत घेऊन मी चार दिवसांत काम उरकलं. पत्रे टाकण्याआधी मी पाहणीही केली होती, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. प्रत्येक कैचीच्या पायाशी एक बोल्ट भिंतीतून वर आलेला होता आणि पाटावर त्याचा नट होता. एका भिंतीवर सहा, दुसऱ्या भिंतीवर सहा. मी प्रत्येक नटाला तेल दिलं, पाना लावून आवळला. बाराच्या बारा घट्ट बसले. खाली उतरून मी सगळ्यांना सांगितलं की छत पक्कं आहे.

वादळ आलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी. मी मिलमध्ये होतो. फोन माझ्या मोठ्या बहिणीचा होता. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. ती उपकेंद्रात नर्स होती, निवृत्त झाल्यापासून अभ्यासिकेची किल्ली आणि सगळी व्यवस्था तिच्याकडेच आहे.

"अभ्यासिकेचं छत हाललं," ती म्हणाली. "वरून इटा पडल्या. एका पोरीचा हात मोडला. मी तिले घेऊन तुमसरलेच येऊन राहिली. तू दवाखान्यात ये."

ती मुलगी आमच्याच गल्लीतली. आई धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जाते, तेंदूपत्त्याच्या दिवसांत पानं तोडायला जाते. मुलीनं वनरक्षकाची लेखी परीक्षा पास केली होती. राहिलं होतं ते फक्त धावणं, आणि ते तीन आठवड्यांवर आलं होतं. रोज पहाटे ती डांबरी रस्त्यावर धावायची, दुपारी अभ्यासिकेत बसायची. मी पोहोचलो तेव्हा उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर चढलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवडे धावायचं नाही असं सांगितलं होतं. ती रडत नव्हती. बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"काका, लाकडं कसे ओरडले मालूम हाये काय," ती मला म्हणाली. "आधी आवाज आला. मग उजेड दिसला. भिंत अन् छताच्या मधून उजेड."

पुढं तारीख बदलून मागण्यासाठी तिनं अर्ज केला. बदलून मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून इमारत पाहायला गेलो. पश्चिमेच्या भिंतीवरचा पाट तिरपा झाला होता, त्याच्या धक्क्यानं वरचे तीन थर आतल्या बाजूला ढासळले होते. कैच्या कलंडल्या नव्हत्या, पण भिंतीवर जिथं बसायला हव्यात तिथून चार बोटं पूर्वेकडे गेल्या होत्या. बघायला आलेल्यांपैकी बहुतेकांचं मत ठरलेलं होतं. पाडा आणि स्लॅब टाका. बाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"स्लॅब कधी होईन?" तिनं विचारलं.

कोणी म्हणालं, निधी आला की. कोणी म्हणालं, दोन वर्षं तरी.

"दोन वर्षं पोरं कुठं बसतीन?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तुले जमते काय हे?"

लोखंडाचं मला जमतं, लाकडाचं जमत नाही, असं मी खरं तेच सांगितलं. मग तिनंच सुताराचं नाव काढलं.

गावाच्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारे सुतार राहतात. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण कान आणि डोळे शाबूत. हल्ली फार काम घेत नाहीत. मी गेलो तेव्हा अंगणात बसून ते एका चौकटीला रंधा मारत होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "कोठाराच्या कैच्या सरकल्या म्हनून राह्यले लोक. खरं हाये काय?"

"हो, काकाजी. तुमी येऊन पाहता काय?"

"येतो ना. काहून नाई येनार?"

अभ्यासिकेच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि क्षणभर आत पाहत उभे राहिले. "लहान होतो तवा बापासंग आलतो इथं," ते म्हणाले. "कोठार होतं तवा. मंग कामच नाई पडलं." त्यांच्या घरापासून ही इमारत दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. साठ-पासष्ट वर्षांत काम का पडलं नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी शिडी धरली, ते वर चढले.

बराच वेळ त्यांनी लाकूडच पाहिलं. पटाशीचं टोक टोचून पाहायचे, कान लावून ठोकायचे. मग म्हणाले, "वर ये." मी दुसऱ्या शिडीनं चढलो. पाटाच्या भोकातला एक बोल्ट त्यांनी दोन बोटांत धरला आणि ओढला. तो सहज बाहेर आला. वरचा भाग अंगठ्याएवढा जाड होता, नटावर मी दिलेल्या तेलाचा काळा थर अजून होता. भिंतीत गाडलेला भाग गंजून गंजून तुराटीएवढा उरला होता आणि टोकाला तोही तुटलेला होता. पश्चिमेचे सहाही बोल्ट तसेच निघाले.

"याच्या भरोशावर छत नोतंच, फिटर," ते म्हणाले. "कितीक वर्षं झाले असतीन याले सडून."

"मग इतके दिवस कसं टिकलं?"

"कवेलू होते ना."

ते एवढंच म्हणाले आणि पुन्हा लाकूड टोचायला लागले. मी शिडीवर तसाच उभा राहिलो. कवेलू उतरवले तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या सात खेपा झाल्या होत्या. पत्रे एकाच खेपेत आले होते, आणि वर माणसंही बसली होती. बोल्ट भिंतीच्या आत केव्हाच मेले होते, छत फक्त आपल्या वजनानं बसून होतं, आणि ते वजन मी ट्रॉलीत भरून बाहेर नेलं होतं. मी नट आवळले, नट घट्ट बसले. नट ज्याला धरून होते ते मी पाहिलंच नव्हतं.

सुतारांनी मला दोष दिला नाही. पत्रे कोणी टाकले हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही, गावात ठाऊक नसतं असं काही नसतं.

पुढचे चार-पाच दिवस मी हे कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. एका संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा ठेवला. मुलगी ओट्यावर बसून डाव्या हातानं वहीत काहीतरी लिहीत होती, अक्षरं लहान मुलासारखी वाकडी येत होती. आई म्हणाली, "वारंच तसं होतं भाऊ, कोन काय करनार." मी मान हलवली. चहा पिऊन उठलो. घरी येताना मला स्वतःची जितकी लाज वाटली, तितकी चूक कळली त्या दिवशीही वाटली नव्हती. चूक अजाणता झाली होती. ही मान मी जाणूनबुजून हलवली होती.

रविवारी वंदना बाहेर, झाडाखाली झाली. नंतर सगळे तिथंच सतरंजीवर बसले, छताचं काय करायचं ते ठरवायला. मी खिशातून तो बोल्ट काढला आणि सतरंजीवर ठेवला. जसं घडलं तसं सांगितलं. कवेलूचं वजन, सात खेपा, आवळलेले नट.

बोल्ट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिला.

"तुले तवा मालूम होतं काय, का आतून सडले हायेत?" बाईनं विचारलं.

"नाही."

"मालूम करून घेता आलं असतं काय?"

मी विचार केला. "आलं असतं. दोन-चार इटा काढून पाहिलं असतं तर दिसलं असतं."

बाईनं मान डोलावली. ती मला माफही करत नव्हती आणि रागवतही नव्हती. नर्स असताना ती रोग्याला असेच प्रश्न विचारायची, किती दिवसांपासून, काय खाल्लं.

मुलीची आई माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. ती उठली आणि घरी निघून गेली. मला वाटलं, आता मुलगीही उठेल. ती उठली नाही. बोल्ट तिच्यापर्यंत आला होता, तिनं तो डाव्या हातात धरला होता.

"काका, आता नवीन बोल्ट लावान," ती म्हणाली. "तेबी वरून पक्के दिसतीन. मग हे पुन्हा उठनार नाई, हे कशावरून?"

सुतार थोडे बाजूला, झाडाच्या मुळीवर बसले होते. ते म्हणाले, "बरोबर इचारून राह्यली पोरगी."

"मी पाहीन," मुलगी म्हणाली. "तुमी लावा, पन पाहायचं मी. ज्यानं लावलं त्यानंच पाहायचं नाई."

तसंच ठरलं.

पावसाळ्याला जेमतेम तीन आठवडे होते. मिलमधून मी दोन चेनपुल्या आणि चार जॅक मागून आणले. आधी पत्रे उतरवले. मग प्रत्येक कैचीच्या दोन्ही पायांखाली बल्ल्यांचे टेकू दिले, त्यांच्या बुडाशी जॅक ठेवले. एक चेनपुली पश्चिमेच्या मोहाच्या बुंध्याला बांधली, दुसरी गिअरमध्ये टाकून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरला. कैच्या पाटापासून बोटभर उचलायच्या आणि साखळी ओढून हळूहळू जागेवर आणायच्या, एवढंच काम. पण लाकूड जुनं, एका बाजूला जास्त ताण आला तर सांधा फाटणार. सुतार मधोमध खुर्ची टाकून बसले. साखळीची दोन-दोन कडी ओढली की ते हात वर करायचे, आम्ही थांबायचो, ते ऐकायचे. लाकूड कुरकुरलं की थांबायचं, गप्प झालं की पुढं.

"मिलमदी तुमी एका झटक्यात वढता," ते मला म्हणाले. "इथं त्याले वेळ दे. त्याले बी जागेवर जाचं हाये, तुले एकट्यालेच नाई."

चार बोटं अंतर कापायला दोन दिवस लागले.

पश्चिमेच्या दोन कैच्यांचे पाय कुजलेले निघाले. पत्र्याच्या कडेवरून पाणी मागं वळून नेमकं तिथं मुरत होतं. मला तिथं लोखंडी चॅनल लावून वेल्डिंग करायचं होतं, एका दिवसात झालं असतं. सुतार तयार होईनात.

"लोखंड कायले? लाकडाले लाकूडच लावू."

"काकाजी, लोखंड मजबूत राहीन."

त्यांनी खिडकीत पडलेल्या त्या सडक्या बोल्टांकडे बोट दाखवलं. त्यांच्या घरी जुन्या बैलबंडीच्या खोपटाचं सागवान पडून होतं, ते त्यांनी आणलं. कुजलेला भाग तिरपा कापला, नव्या तुकड्याला तसाच तिरपा काप दिला, आणि दोन्ही एकमेकांत असे बसवले की सांध्यात नख जाईना. मग मी त्यातून बोल्ट आरपार टाकले. तीन दिवस ते सकाळी आठला येत, चपला दाराशी काढत, दुपारी बाईच्या घरून आलेला डबा आमच्यासोबत बसून खात. पहिल्या दिवशी डबा उघडताना बाई थोडी घुटमळली होती, हे मी पाहिलं. त्यांनी ताटली पुढं केली आणि विचारलं, "भाजी कायची हाये?"

बोल्टांच्या बाबतीत मी एक गोष्ट मनाशी ठरवली होती. आता काहीही भिंतीच्या आत लपवायचं नाही. ढासळलेले थर चुन्यात थोडं सिमेंट घालून पुन्हा बांधले. प्रत्येक कैचीच्या पायाला पाटासकट जाड लोखंडी पट्टी जोडली आणि ती भिंतीच्या आतल्या अंगानं पाच फूट खाली आणली. तिथं तीन ठिकाणी भिंतीला आरपार भोक पाडून बोल्ट टाकले, बाहेरच्या बाजूला तव्याएवढी लोखंडी प्लेट देऊन नट आवळले. म्हणजे छत उठायचं झालं तर त्याला पाच फूट भिंत सोबत उचलावी लागेल. दिसायला ते काही सुंदर नाही. भिंतीवर बाराही पट्ट्या उघड्या दिसतात. पण गंज चढला तर तो दिसेल, आणि कोणालाही दिसेल, फिटर असो वा नसो.

काम संपलं तेव्हा मुलगी आली. तिचं प्लास्टर अजून उतरलं नव्हतं. तिनं एकेका पट्टीजवळ जाऊन पाहिलं आणि विचारलं, "हे पाहून काय कळनार मले?"

प्रश्न योग्य होता. मी विचार करून म्हणालो की जॅक लावून पाहू. कैचीच्या पायाखाली टेकू द्यायचा, बुडाशी जॅक ठेवायचा आणि दांडा मारायचा. छत नुसतं बसलेलं असेल तर उचललं जाईल. धरलेलं असेल तर दांडा जड होईल आणि छत हलणार नाही.

"मग दांडा मी मारीन," ती म्हणाली.

तिनं डाव्या हातानं दांडा मारला. मी पाटाकडे लक्ष ठेवून होतो, सुतार कैचीकडे. पहिल्या पट्टीपाशी दहा-बारा झटक्यांत दांडा दगडासारखा झाला. ती घामाघूम झाली, पण वर काही हललं नाही. दुसरी, तिसरी, चौथी, तसंच. पश्चिमेची भिंत झाली. पूर्वेच्या भिंतीवर पहिल्याच ठिकाणी दांडा जड व्हायच्या ऐवजी हलकाच राहिला आणि पाट माझ्या डोळ्यांदेखत अर्धं बोट वर उठला.

"उठलं," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन पाहिलं. तिन्ही प्लेटी भिंतीत रुतल्या होत्या. मी तिथल्या विटा काढल्या तर आत माती निघाली. कधीकाळी त्या जागी झरोका असावा, तो कोणीतरी मातीनं बुजवून वरून एका विटेची पापडी लावली होती. भोक पाडताना ड्रिल पटकन आत गेलं होतं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं की काम लवकर झालं. सुतार म्हणाले, "सोपं झालं का थांबाचं असते." मी झरोका रिकामा करून पक्क्या विटांनी भरला, चार दिवस पाणी मारलं, बोल्ट पुन्हा टाकले. ती पुन्हा आली, पुन्हा दांडा मारला. या वेळी दांडा जड झाला. मग उरलेल्या पाचही जागा तिनं तपासल्या. सगळं झाल्यावर ती माझ्याकडे पाहून इतकंच म्हणाली, "आता बसते मी इथं."

पत्रे पुन्हा चढले. मृगाचा पाऊस आला तेव्हा आत सात-आठ जण अभ्यास करत होते.

मुलीची आई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस रस्त्यात थांबून तिनं विचारलं की तुमसरला जाताना पोरीला सोडशील का, प्लास्टर काढायचं आहे. मी सोडलं. हात नीट जुळला. ती पुन्हा धावायला लागली आहे. वनरक्षकाची पुढची जाहिरात अजून निघालेली नाही. तोवर तिनं दुसऱ्या दोन परीक्षांचे अर्ज भरलेत, आठवड्यातून दोन दिवस भंडाऱ्याला क्लासला जाते. तिचं एक वर्ष गेलं आणि ते मी परत देऊ शकत नाही. तिनं मला तसं कधी बोलून दाखवलेलं नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या मनात पुन्हा पुन्हा यायची. कवेलू फेरणं ही कटकट आहे, असं मी अकरा वर्षांपूर्वी म्हणालो होतो. पण त्या कटकटीपायी दरवर्षी कोणीतरी वर चढत होतं. लाकडाला हात लावत होतं, कुठं ओल आली, कुठं वाळवी लागली ते बघत होतं. पत्रे टाकल्यावर वर चढायचं कारणच संपलं. अकरा वर्षं त्या छतावर एकही माणूस चढला नाही. आम्ही सगळे खालून बघत राहिलो आणि खालून सगळं ठीक दिसत होतं.

आणि मग मला इतर घरं आठवायला लागली. अभ्यासिकेचं पाहून गावातल्या लोकांनी मला बोलावलं होतं, मी हौसेनं गेलो होतो. एका रविवारी बसून मी आठवून आठवून मोजली. आमच्या आणि शेजारच्या गावात मिळून चौदा घरांचे कवेलू काढून मी पत्रे टाकले होते. चौदापैकी एकाही घरात मी छत भिंतीला कशानं धरलंय हे पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, मी एकेका घरी जायला लागलो. कधी सुतार सोबत येतात, कधी त्यांचे गुडघे दुखत असले तर येत नाहीत. काही जणांना पटतं. मातीची भिंत असेल तर तिथं वेगळं काही करावं लागतं, जमिनीत खुंट गाडून तारेनं वासे खाली ओढून घ्यावे लागतात. काही जण हसतात. एकजण चिडला. "तूच लावला, तूच पक्का हाये म्हनला," तो म्हणाला, "अन् आता तूच सांगून राहिला का पक्का नाई?" मी म्हणालो, होय, तेच सांगायला आलो आहे. त्यानं दार लावून घेतलं. त्याच्याकडे मी पुन्हा जाणार आहे.

शेजारच्या गावात एक म्हातारी एकटी राहते. तिचा मुलगा नागपूरला नोकरीला. तिच्याकडे मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा तिनं मला पाणी दिलं आणि परत पाठवलं. "इतके वर्षं नाई उडालं बावा, आता कायले उडते," असं म्हणायची. मागच्या रविवारी तिसऱ्यांदा गेलो. ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी त्या मुलीच्या हाताचंही सांगितलं. ते मी आधी दोन्ही वेळा टाळलं होतं.

तिनं सूप खाली ठेवलं. "कोनता हात?" तिनं विचारलं.

"उजवा."

ती उठली, घराच्या मागं गेली आणि बांबूची शिडी ओढत घेऊन आली. तिची एक पायरी तुटलेली होती. "तिसऱ्या पायरीवर पाय नोको ठेवू," ती म्हणाली आणि शिडी धरायला स्वतः उभी राहिली.